हाताने शिकणे आणि त्याची व्यवस्था

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कॉलेजातील पूरक उपक्रम आणि प्रत्यक्ष कामातून शिक्षण, असा आजचा विषय मला दिलेला आहे. हा प्राध्यापक मंडळींचा विषय आहे, आपले त्यात काय काम, असे काही पालकांना वाटेल. तसे नाही. हा विषय तुमच्या घरातून सुरू होतो आणि तुमच्या घरापर्यंतच येऊन थांबतो. म्हणून मी आज मुख्यतः पालकांशी आणि मुलांशी बोलणार आहे.

पालकांची एक तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. ते म्हणतात, "आमची उमर हातोडी मारण्यात गेली. मुलाच्या हातून ती सुटावी म्हणून त्याला कॉलेजात घातले. आता कॉलेजच त्याला कारखान्यात पाठवते. मग आमचे गॅरेज काय वाईट होते?" प्रश्न रास्त आहे. त्याला 'श्रमाची प्रतिष्ठा' असे दोन गोड शब्द ऐकवून वाटेला लावणे बरे नव्हे. ज्याने आयुष्यभर श्रम केले त्याला श्रमाचे कौतुक दुसऱ्याकडून ऐकायची गरज नसते. त्याला उत्तर हवे असते.

आपल्या समाजात हाताचे शिक्षण नवीन नाही. शिकलगाराच्या मुलाला पोलादाला पाणी देणे घरात बघून कळते. मोमिनाच्या घरी सूत तुटल्याचा आवाज पोरांना झोपेतही ओळखता येतो. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, प्रत्येकाच्या घरात हुनर आहे. मग कमी काय पडले? सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात नमूद आहे की, २००१ च्या जनगणनेप्रमाणे वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के होते आणि मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे हुनर घरात राहिले आणि पुस्तक दाराबाहेर राहिले. ज्यांच्या घरी पुस्तक आले, त्यांच्या घरातून पुष्कळदा हुनर निघून गेले. दोन्ही एका छपराखाली आणणे हे कॉलेजचे काम आहे.

साधे उदाहरण घ्या. पंपाच्या मोटारी भरणारा मिस्त्री अनुभवाने सांगतो की, वीज मंद असली की मोटार जळते. फिजिक्सचा विद्यार्थी फळ्यावरचे समीकरण घडाघडा म्हणतो. पण दाब उतरला म्हणजे तोच भार ओढण्यासाठी मोटार जास्त प्रवाह घेते, त्याने तारेचे वेटोळे तापते आणि वार्निश जळते, ही संगती मिस्त्रीला कोणी सांगितलेली नसते आणि विद्यार्थ्याने कधी जळकी मोटार उघडलेली नसते. गॅरेजात मुलगा 'कसे' शिकतो, वर्गात 'का' शिकतो. ज्याला दोन्ही येते तो उद्या मोटारच भरतो असे नाही. कोणती मोटार घ्यावी, तिला कोणते संरक्षण बसवावे हे तो दुसऱ्याला सांगू शकतो, अंदाजपत्रक करू शकतो, पुढची परीक्षा देऊ शकतो. गॅरेज आणि कॉलेज यांत फरक आहे तो या पुढच्या पायरीचा. कॉलेजने पाठवलेल्या कामातून ती पायरी दिसत नसेल, तर पालकांची तक्रार खरी आहे असे मी म्हणेन.

आता हा प्रयोग जिथे मोठ्या प्रमाणावर झाला त्या अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांकडे वळू. 'कम्युनिटी' या शब्दाने आपला गैरसमज होण्याचा संभव आहे. हे एखाद्या जमातीचे कॉलेज नव्हे. कम्युनिटी म्हणजे त्या परिसरातील सर्व रहिवासी. घराजवळचे, कमी फीचे, दोन वर्षांचे, सर्वांना प्रवेश देणारे कॉलेज, एवढाच त्याचा अर्थ. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी अशा पहिल्या सरकारी ज्युनियर कॉलेजची सुरुवात अवघ्या ६ विद्यार्थ्यांवर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशी कॉलेजे देशभर काढण्याची शिफारस केली, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज तिथे अशी सुमारे १,००० कॉलेजे आहेत. पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी त्यांत शिकतात.

हे विद्यार्थी कोण? कोणी दिवसा दुकानात काम करतो. कोणी दोन मुलांची आई आहे. कोणाच्या घरात आजवर कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. आपल्या वस्तीतली मुले आणि ती मुले यांत भाषेचा, वेषाचा फरक असेल, अडचणींचा फारसा नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ला-ग्वार्डिया हे असेच एक कॉलेज १९७१ साली एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत सुरू झाले. कामगारांची आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांची ती वस्ती. या कॉलेजने आरंभीच ठरवले की, पूर्ण वेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष नोकरीच्या जागी काम करून शिकले पाहिजे. नीट लक्ष द्या, 'प्रत्येक विद्यार्थ्याने' असे ठरवले. ज्याला हौस आहे त्याने, किंवा ज्याला पहिला वर्ग आहे त्याने, असे ठरवले नाही. आणि हे काम अंगावर घेण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढला. जागा शोधणे, मालकाशी बोलणे, विद्यार्थी तिथे काय करतो ते पाहणे, आणि त्या अनुभवावर त्याला परत वर्गात बसवून विचार करायला लावणे, हे त्या विभागाच्या शिक्षकांचे मुख्य काम होते.

आपल्याकडे काय होते? विज्ञान मंडळ असते, त्याचा फलक असतो, वर्षातून एक सहल निघते. कार्यक्रम दुपारी चारनंतर ठेवतात. जो चारनंतर थांबू शकतो तो येतो. ज्याला साडेतीनची एस.टी. पकडायची असते, ज्याला अब्बांच्या दुकानावर बसायचे असते, ज्या मुलीला अंधाराआधी घरी पोचायचे असते, ती मुले यादीत नसतात. वर्षाच्या शेवटी अहवालात लिहिले जाते, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प होता.' प्रतिसाद अल्प नव्हता, वेळ चुकीची होती. ज्यांना अशा उपक्रमांची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच बाहेर राहतात, आणि दोषही त्यांनाच लागतो.

दुसरी एक समजूतही दूर केली पाहिजे. कच्च्या मुलांना जादा शिकवणी आणि हुशार मुलांना जादा उपक्रम, अशी आपण वाटणी करून टाकलेली आहे. कॅलिफोर्नियात बर्कली येथे यूरी ट्राइझमन या गणितज्ञाने १९७० च्या दशकात एक पाहणी केली. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅलक्युलसमध्ये मागे का पडतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे का जातात, हा प्रश्न होता. प्राध्यापकांची उत्तरे तयार होती: इच्छा नाही, घरचे वळण नाही, पाया कच्चा आहे. ट्राइझमन मुलांमध्ये जाऊन राहिला. त्याला दिसले की मागे पडणारी मुले मेहनत भरपूर करत होती, पण प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा करत होता. पुढे जाणारी मुले एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत, वाद घालत. मग त्याने मुलांचे छोटे गट करून कार्यशाळा सुरू केली. तिथे सोपी उदाहरणे दिली नाहीत, वर्गातल्याहून अवघड दिली. तुम्ही कच्चे आहात म्हणून या, असे न सांगता तुम्ही मोठे काम करू शकता म्हणून या, असे सांगितले. कार्यशाळेतल्या मुलांचे निकाल पार बदलले.

त्याच राज्यात १९७० साली ओकलंडच्या एका शाळेतून 'मेसा' नावाचा कार्यक्रम सुरू झालेला होता. गणित, इंजिनिअरिंग आणि विज्ञान यांत मागे राहिलेल्या समाजांतील मुलांसाठी तो होता. पुढे तो कम्युनिटी कॉलेजांत गेला. तिथे त्याचे स्वरूप अगदी साधे आहे. मुलांना बसायला एक खोली, गटाने अवघड उदाहरणे सोडवण्याची कार्यशाळा, कारखान्यांना आणि विद्यापीठांना भेटी, पुढील प्रवेशाबाबत सल्ला, आणि हे सगळे सांभाळणारा एक जबाबदार माणूस. माझ्या मते यात सर्वांत महत्त्वाचे शेवटचे आहे.

असे का म्हणतो ते सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'एसॅप' ही योजना सुरू केली. ती कार्यशाळेची योजना नव्हे, पण व्यवस्था म्हणजे काय ते तिच्यापासून शिकावे. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे. त्याच्या बदल्यात फीमधला उरलेला भाग माफ, पुस्तके मोफत, बस-रेल्वेचा पास मोफत, सोयीच्या वेळेचे वर्ग, शिकवणी, आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. एरवी एका सल्लागाराकडे सहाशेहून अधिक विद्यार्थी असत, या योजनेत ६० ते ८० ठेवले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी करून तपासणी झाली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पदवी मिळवणारे, योजनेबाहेरच्या गटात सुमारे २२ टक्के होते, योजनेतल्या गटात ४० टक्के. दरडोई खर्च वाढला हे खरे, पण पदवीधरांची संख्या इतकी वाढली की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. बसच्या पासाला आपण किरकोळ बाब समजतो. त्या योजनेत पास घेण्यासाठी विद्यार्थ्याला सल्लागाराला भेटत राहावे लागे. किरकोळ वाटणाऱ्या पासाने मोठी गाठ बांधून ठेवली.

हे अमेरिकेचे झाले. तिथला पैसा आपल्याकडे कुठे, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या जवळचे उदाहरण सांगतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची कामे, शेती, पशुपालन, आहार आणि आरोग्य शिकतात. खोटी कामे करून ती मोडून टाकायची, असा तिथला प्रकार नाही. गावाला जे काम हवे असते तेच काम मुले करतात. फाटक करून दिले तर ते कोणाच्या तरी दाराला लागते, आणि नीट लागले नाही तर मालक परत आणतो. त्यासारखी दुसरी परीक्षा नाही. जगातली पहिलीवहिली 'फॅब लॅब' अमेरिकेबाहेर निघाली ती २००२ साली याच पाबळमध्ये. डॉ. कलबाग २००३ साली गेले, काम चालू आहे.

कम्युनिटी कॉलेज ही कल्पनाही भारतात आली आहे. १९९० च्या दशकात तामिळनाडू-पुदुच्चेरीकडे अशी कॉलेजे निघाली, आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांची योजना आखली. शिवाय आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आपल्या महाराष्ट्रातील साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. च्या मुलांनाही प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजकार्य यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. ही सक्ती कोणाला ओझे वाटेल. मला ती आपल्या मुलांसाठी उघडलेली खिडकी वाटते.

पण खिडकीतून काय येते ते पाहायला हवे. मामाचे दुकान असते, चाचांचा ओळखीचा कारखानदार असतो. तो सहीशिक्क्याचा कागद देतो, मुलगा तो कॉलेजात आणून देतो, कॉलेज तो फाइलला लावते. मामा खूश, कॉलेज खूश, मुलगाही खूश. १२० तास मात्र कोणाच्याच हिशेबात जमा होत नाहीत. ज्या मुलाला मामाच नाही तो वणवण हिंडतो आणि शेवटी एखाद्या ठिकाणी चहा आणण्याचे आणि झेरॉक्स काढण्याचे १२० तास भरतो. दोघेही फसले. एकाला ते कळले, दुसऱ्याला कळले नाही, एवढाच फरक.

म्हणून या संस्थेपुढे मी एकच सूचना ठेवतो. इमारत नको, यंत्रे नकोत. एक संयोजक नेमा. प्राध्यापकांपैकीच एकाचे निम्मे तास कमी करून त्याला किंवा तिला हे काम द्या, आणि ते काम वेळापत्रकात छापा. मोकळ्या वेळात सांभाळायला दिलेले काम कोणाचेच नसते.

या संयोजकाने काय करावे? एस.टी.च्या एका तासाच्या अंतरात जेवढे कारखाने, दवाखान्यांच्या प्रयोगशाळा, छापखाने, शीतगृहे, हिशेबनिसांची कार्यालये आहेत त्यांची वही करावी. प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः जाऊन यावे. मालकाबरोबर एका पानाचा करार करावा, त्यात मुलगा काय शिकेल हे लिहावे. चहा आणणे त्यात बसत नाही, हे तोंडीही सांगावे. यंत्राजवळ काम असेल तर चष्मा, बूट आणि विमा यांची विचारपूस करावी. पहिल्या दिवशी मुलाला दारापर्यंत पोचवावे. आठवड्यातून एक तास, तोही कॉलेजच्या वेळेत, सर्वांना एकत्र बसवून, काय केले आणि ते तसे का केले, हे विचारावे. रमजानमध्ये तास सकाळचे घ्यावेत, परीक्षेच्या महिन्यात काम ठेवू नये. दहा-वीस मुलांच्या एस.टी. पासाची तजवीज समाजातील दानशूर मंडळींकडून करून घ्यावी. पारितोषिकाच्या पेल्यांना आपण देणगी देतो, पासाला का देऊ नये? सभागृहावर नाव कोरता येते, पासावर येत नाही, एवढीच अडचण आहे.

आता पालकांना दोन शब्द. मुलगा कामाच्या जागी जातो तेव्हा 'पगार किती?' हा पहिला प्रश्न विचारू नका. 'आज काय पाहिलेस?' हे विचारा. तुम्ही स्वतः कारागीर असाल तर त्याच्या वहीवर नजर टाका. त्याला न सुटलेली गोष्ट कदाचित तुम्हाला ठाऊक असेल, आणि त्या दिवशी तुमचा मुलगा तुम्हाला नव्याने ओळखेल.

मुलींच्या बाबतीत जास्त स्पष्ट बोलतो. परीक्षेत मुली पुढे असतात हे आपण सर्व जण पाहतो. आणि १२० तासांची वेळ आली की पुष्कळ मुलींचे कागद घरबसल्या तयार होतात. काळजी मी समजू शकतो. पण काळजीचा इलाज दार बंद करणे हा नव्हे. जागा आधी पाहून या, मालकाला भेटा, दोघी-तिघींना एकत्र पाठवा, येण्याजाण्याची वेळ ठरवा. संयोजकाने हे सर्व केले आहे की नाही ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. एवढे झाल्यावरही मुलगी घरी राहिली, तर तिची पदवी भिंतीवर राहील आणि ती पदवीपासून दूर राहील.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. शंभर पानी वही घ्या. रोज अर्धे पान लिहा: काय केले, काय बिघडले, कोणाला विचारले, काय कळले नाही. 'काय कळले नाही' हा रकाना रिकामा राहिला तर समजा की त्या दिवशी तुम्ही काही पाहिलेच नाही. जागा लहान आहे म्हणून हिरमुसू नका. केमिस्ट्रीच्या मुलाने आपल्या मोहल्ल्यातील दहा विहिरींचे पाणी तपासले, कॉमर्सच्या मुलीने चार दुकानदारांचा जी.एस.टी. चा हिशेब समजून घेतला, तरी ते मोठे काम आहे. आणि एकटे बसू नका. चौघे मिळून बसा, एकमेकांच्या वह्या वाचा, भांडा, पुन्हा बसा.

पुढील वर्षी याच मेळाव्यात व्यासपीठाशेजारी एक टेबल मांडावे आणि त्यावर या वह्या ठेवाव्यात, अशी माझी संस्थेला विनंती आहे. भाषणे कमी करा, वह्या जास्त ठेवा. पालक येतील, पाने उलटतील आणि आपल्या मुलाच्या अक्षरात आपल्या हातचे काम वाचतील. कॉलेजने हातोडी परत का दिली, हे त्यांना मग कोणी समजावून सांगावे लागणार नाही.